गाडीतला आवाज : शब्द कळला पाहिजे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



नवी गाडी घ्यायला माणूस शोरूममध्ये जातो तेव्हा काय काय पाहतो? रंग पाहतो, ॲव्हरेज विचारतो, डिकी उघडून आंब्याच्या पेट्या किती मावतील याचा अंदाज घेतो. स्टिरिओचा पडदा किती इंचांचा आहे हेही हल्ली विचारतो. पण तोच स्टिरिओ लावून पाच मिनिटं नीट कान देऊन ऐकणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. मग गाडी घरी येते, हातखंब्याला महामार्गावर चढते, काचा वर जातात, एसी सुरू होतो आणि लक्षात येतं की गाण्यातला ठेका तेवढा ऐकू येतोय. शब्द कुठेतरी दाराच्या पत्र्यात अडकून पडलेत.

माझा धंदा शब्दांचा. कविता लिहितो, त्याही मराठीत. बी.ए. झालो तो मराठी घेऊनच. विजेशी माझा संबंध फ्यूज उडाला की मिस्त्रीला हाक मारण्यापुरता. तेव्हा मोटारीतल्या स्टिरिओवर मी काय बोलणार, असं आपल्याला वाटेल. पण हा विषय आमच्या घरात आला तोच मुळी शब्दांच्या वाटेने.

कोकणातल्या मुसलमान वस्त्यांतून १९७० नंतर कितीतरी माणसं आखातात गेली. आमचे अब्बा १९७८ साली कुवेतला गेले. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं, तेव्हा सगळं तिथेच टाकून ते परत आले. त्या बारा वर्षांत फोन परवडत नसे आणि पत्राची वाट पाहण्यात महिना जाई. म्हणून गावाकडे येणाऱ्याच्या हाती अब्बा कॅसेट पाठवायचे. सलाम, खुशाली, मग कौलं शाकारली का, कलमांना पाणी कोण घालतं, पोरांची परीक्षा कशी झाली, असं तासाभराचं बोलणं. त्यातल्या चौदा कॅसेटी आमच्या घरात उरल्या आहेत. अब्बा आता नाहीत.

अम्मीला दर दोन महिन्यांनी कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. साखरपा, आंबा घाट, मलकापूर असा लांबचा रस्ता. मुलाने त्या कॅसेटींतला आवाज पेन ड्राइव्हवर घेतला आणि म्हणाला, दादीला गाडीत लावू या. लावला. अम्मी मागच्या सीटवर बसून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “आवाज यांचाच आहे. पण काय म्हणतात ते कळत नाही रे.”

तेवढ्या एका वाक्यासाठी मी या विषयात पडलो.

एका मोठ्या शहरातल्या एका दुकानात विचारलं. तिथल्या तरुणाने गाडी पाहिली आणि झटकन यादी केली. मूळ स्टिरिओ काढून मोठा पडदा, डिकीत सबवूफर, सीटखाली ॲम्प्लिफायर. सत्तर हजार. मी विचारलं, “याने बोलणं स्पष्ट कळेल का?” तो म्हणाला, “काका, सीट हलेल सीट!” मला सीट हलवायची नव्हती. मी चहा पिऊन निघालो.

रत्नागिरीत माझे एक स्नेही आहेत. रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांनी मला जे समजावलं, आणि नंतर आम्ही दोघांनी मिळून जे करून पाहिलं, ते आज आपल्याला सांगतो.

पहिली गोष्ट, बोलणं कळतं म्हणजे काय होतं? कान, पान, मान, रान, दान हे शब्द घ्या. शेपूट सगळ्यांचं एकच. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. सात आणि साठ यांत फरक आहे तो त आणि ठ एवढाच. आता गंमत अशी की आवाजाचा जोर असतो स्वरांत, आणि तो जोर बहुतेक एक हजार हर्ट्झच्या खाली असतो. अर्थ मात्र व्यंजनांत असतो. ती असतात दुबळी, क्षणभराची, आणि त्यांची ओळख पटते ती साधारण एक हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. स तर त्याच्याही वर. निरोगी तरुण कान वीसपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, पण जुना टेलिफोन फक्त तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढंच पोचवत असे, आणि तरी लाखोंचे व्यवहार त्यावर होत. म्हणजे बोलणं कळायला मोठा पसारा लागत नाही. मधला पट्टा साफ लागतो.

वय झालं की कान नेमका वरच्या बाजूने उतरतो. आधी बारीक आवाज जातात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ऐकू येतं पण कळत नाही. आपण समजतो हट्ट आहे. हट्ट नसतो, खरोखर तसंच असतं.

आता गाडीत काय होतं पाहा. टायरची घरघर, इंजिन, वारा, एसीचा पंखा. साध्या गाडीत महामार्गावर हा गोंगाट सत्तर डेसिबलच्या आसपास असतो आणि तो बहुतांशी जाड्या आवाजाचा असतो. कानाची एक खोड अशी की जाडा आवाज बारीक आवाजाला झाकतो. त्यात आपण बेस वाढवला तर झाकणावर आणखी एक झाकण. मग शब्द कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आवाज वाढवला की दार थरथरायचं, दार थरथरलं की शब्द आणखी बुडायचा. सत्तर हजार घालूनही हे चक्र तुटत नाही.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. आमच्या स्नेह्यांचा नियम असा, की जिथे पैसा लागत नाही तिथून सुरुवात करायची.

सुरुवात आत जाणाऱ्या आवाजापासून. विहिरीत नाही ते पोहऱ्यात येत नाही. कॅसेटवरून उतरवताना आम्हाला एक शोध लागला. टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. हेड फितीला अगदी काटकोनात बसलं नाही, तर बारीक आवाज गळून जातात. एका यंत्रावर भरलेली कॅसेट दुसऱ्या यंत्रावर हमखास थोडी बुजरी वाजते ती यामुळे. स्नेह्यांनी कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू केसभर फिरवला आणि अब्बांचे स, श, च एकदम उभे राहिले. मग सगळ्या कॅसेटी पुन्हा उतरवल्या, प्रत्येक कॅसेटला स्क्रू नव्याने जुळवून. गाण्यांचंही तेच. फाइल कमी दर्जाची, म्हणजे ६४ किंवा ९६ केबीपीएसची असेल, तर जगातला कोणताही स्पीकर तिला सुधारू शकत नाही. आणि ती नंतर ३२० ची करून घेतली तर आकार वाढतो, गेलेलं परत येत नाही. मोबाइल ब्लूटूथवर जोडत असाल तर मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा. मोबाइलमधला इक्वलायझर बंद ठेवा. नाहीतर दोन स्वयंपाकी एकाच आमटीत मीठ घालतात.

रेडिओपुरतं सांगायचं तर मध्यम लहरींवरून साधारण साडेचार हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज येतो, एफएमवरून पंधरा हजारांपर्यंत. पण एफएमच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की खरखर होणारच. घाटात रेडिओ खरखरला म्हणून स्टिरिओ बदलू नये.

त्यानंतर सेटिंग. यालाही पैसा लागत नाही. बेस, मिडल, ट्रेबल शून्यावर आणा. रॉक, पॉप अशी तयार बटणं असतात ती बंद करा. लाउडनेस किंवा बेस बूस्ट बंद करा. काही स्टिरिओंत ठरावीक पातळीखालचा जाडा आवाज अडवणारा हायपास फिल्टर असतो. तो ऐंशी हर्ट्झच्या आसपास लावला तर दारातल्या छोट्या स्पीकरवरचं ओझं उतरतं आणि तो मधला पट्टा मोकळेपणी वाजवतो. मग बोलणं लावून मिडल किंवा ट्रेबल एखाद्या घराने वाढवून पाहा. एखाद्याच, बरं का. आणि हे सगळं गाडी उभी असताना करा.

फेडर आणि बॅलन्स ही दोन बटणं बहुतेकांनी कधी हात न लावलेली असतात. पुढचे स्पीकर किती, मागचे किती, डावे-उजवे किती, हे त्यांनी ठरतं. एकटे चालवत असाल तर आवाज बराचसा पुढे आणा. पण आमच्याकडे ऐकणारं माणूस मागे बसतं, म्हणून आम्ही तो मागे नेला. आणि इथे एक मजा झाली. अम्मीची कापडी पिशवी नेहमी मागच्या दाराला टेकून असायची, नेमकी स्पीकरच्या जाळीसमोर. बारीक आवाज सरळ जातो, त्याला पिशवीला वळसा घालता येत नाही. पिशवी पायाशी ठेवली. निम्मं काम तिथेच झालं म्हटलं तरी चालेल.

आता दार. स्पीकर कसा वाजतो ते समजलं तर दाराचं महत्त्व कळतं. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एकाच वेळी दोन उलटे आवाज तयार होतात. ते एकमेकांना भेटले तर एकमेकांना खाऊन टाकतात, विशेषतः जाडे आवाज. म्हणून पुढचा आणि मागचा आवाज वेगळा ठेवायला मध्ये भिंत लागते. गाडीत ती भिंत म्हणजे दार. आणि हे दार असतं पातळ पत्र्याचं, आतल्या बाजूने मोठमोठी भोकं असलेलं. आपल्या स्पीकरमागे भिंत नसते, चाळण असते. शिवाय तो पत्रा स्वतःच वाजत असतो.

उपाय साधा आहे. दाराचं आतलं पॅड काढायचं, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंगचे पट्टे चिकटवायचे, आतली मोठी भोकं बंद करायची आणि स्पीकर व पॅड यांच्यामध्ये फोमची कडी बसवायची, म्हणजे आवाज पॅडच्या आत न घुटमळता बाहेर येतो. पट्टे ब्युटाइल रबराचे, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेले घ्यावेत. स्वस्तातले डांबरी पट्टे उन्हात मऊ पडतात आणि वासही मारतात.

पण आपण कोकणात राहतो, हे विसरायचं नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, आणि ते बाहेर जायला दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. उत्साहाच्या भरात कारागिराने ती बुजवली तर दोन पावसाळ्यांत दार सडायला लागेल. आतमध्ये पाणी पिणारा फोम, कापूस किंवा गोणपाट घालू देऊ नका. पॅडच्या आत पाणी अडवण्यासाठी जो प्लास्टिकचा पडदा असतो तो फाडून फेकला जातो. त्याची जागा नीट भरली गेली का ते पाहा. स्पीकरखाली लाकडाच्या भुशाची एमडीएफची कडी बसवतात, ती पाणी पिऊन फुगते. प्लास्टिकची घ्या. आणि काही गाड्यांत बाजूच्या धडकेची एअरबॅग उघडण्यासाठी दारात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत दार बंदिस्त करण्याआधी कंपनीच्या केंद्रात विचारूनच पुढे जावं. आवाजापेक्षा जीव मोठा.

दार झाल्यावर स्पीकर. गाडीबरोबर येणाऱ्या साध्या स्पीकरचा चुंबक लहान असतो आणि शंकू बहुधा कागदाचा. आपल्या दमट, खाऱ्या हवेत कागद ओलावतो. पॉलिप्रॉपिलीनचा शंकू टिकतो. दुकानदार खोक्यावरचे वॉट दाखवतो. ते पाहू नका. सेन्सिटिव्हिटीचा आकडा पाहा. नव्वद डेसिबलवाला स्पीकर सत्त्याऐंशीवाल्यापेक्षा निम्म्या ताकदीत तेवढाच वाजतो. आणि ताकद आपल्याकडे कमीच असते. स्टिरिओवर ५० गुणिले ४ वॉट छापलेलं असलं तरी गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, इंजिन सुरू असताना चौदाच्या आसपास. त्यातून चार ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात पंधरा ते वीस वॉट. तो पन्नासचा आकडा क्षणभराच्या उसळीचा. बोलणं ऐकायला पंधरा वॉट भरपूर झाले.

तारा जोडताना एवढं बघा की गाडीची मूळ तार कापली जाणार नाही. बाजारात कपलर मिळतो, तो लावला की काम होतं आणि वॉरंटीवरून वाद होत नाही. अधिक-उणे उलटं झालं तर एक स्पीकर पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि आवाज पोकळ होतो. दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावून पाहायचा. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला असेल तर शंकू बाहेर येतो.

मूळ स्टिरिओ काढून टाकावा का? आमचं उत्तर, नाही. १९३० साली अमेरिकेत मोटोरोला नावाचा मोटारीतला रेडिओ निघाला, तेव्हापासून कितीतरी वर्षं रेडिओ ही गाडीत बाहेरून बसवायची वस्तू होती. आपल्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीतही टेप लोक बाजारातूनच बसवून घेत. आता तसं नाही. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, कधी गाडीची सेटिंगसुद्धा त्याच पडद्याला जोडलेली असतात. तो उखडला की दहा गोष्टी हलतात. फारच वाटलं तर त्याला जोडून छोटा ॲम्प्लिफायर बसवता येतो. मग बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तारांत शॉर्ट सर्किट झालं तर गाडी पेटू शकते, म्हणून त्यात काटकसर नको. आम्हाला ॲम्प्लिफायर लागला नाही.

सर्वसाधारण सल्ला असा असतो की आधी पुढची दारं करा. आम्ही ऐकणारं माणूस बसतं ती मागची दोन दारं आधी केली. डॅम्पिंग, दोन स्पीकर, मजुरी मिळून साडेसात हजार खर्च झाला. मागच्या चाकांची घरघरही थोडी कमी झाली, तो वरचा नफा.

पुढच्या खेपेला साखरपा सोडल्यावर कॅसेट लावली. १९८६ सालची. आवाज पूर्वीपेक्षा कमीच ठेवला होता. अम्मी ऐकत होती, मध्येच हसली, कुणाच्या तरी लग्नाचा विषय होता. मग एकदम म्हणाली, “थांब. मागे घे.” मुलाने मागे घेतलं. अब्बा एक वाक्य बोलत होते, मध्ये थांबत होते आणि मग पुढे बोलत होते. “दम घेतात बघ,” अम्मी म्हणाली. “तेव्हापासून होतं छातीत. मला कळवलं नाही.” घाट संपेपर्यंत ती काही बोलली नाही. ती थांबण्याची जागा कॅसेटवर आधीपासून होती. दाराच्या थरथरीत ती बुडालेली होती, एवढंच.

म्हणून सांगतो, काम झाल्यावर परीक्षा गाण्याने घेऊ नका. गाणं आपल्याला पाठ असतं. न ऐकू आलेला शब्दही मन भरून घेतं. रेडिओवरच्या बातम्या लावा, किंवा घरातल्या कुणाचं अनोळखी बोलणं रेकॉर्ड करून लावा. गाडी साठच्या वेगाने दुसऱ्याला चालवू द्या, आपण ऐकणाऱ्या माणसाच्या जागी बसा आणि प्रत्येक शब्द कळतो का ते पाहा. कळत असेल तर तिथे थांबा. पुढचा खर्च शेजाऱ्यांना ऐकवण्याचा.

आणि साफ आवाजाचा फायदा हाच की तो लहान ठेवता येतो. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात. त्यावर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. शिवाय आपले घाट वळणांचे. समोरून येणाऱ्याचा हॉर्न आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा काच बंद असतानाही कानावर आला पाहिजे.

शेवटचं एक. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या माळ्यावर, ट्रंकेत अशा कॅसेटी असतील. कुणाच्या आखातातून आलेल्या, कुणाच्या मुंबईच्या गिरणीतून, कुणाच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या. कोकणच्या हवेत फितीला बुरशी धरते. फितीमागची गादी गळून पडते, फीत एकमेकींना चिकटते. या पावसाळ्याआधी त्या बाहेर काढा, कोरड्या जागी ठेवा, एखाद्या जाणत्या कारागिराला गाठून उतरवून घ्या. हेड जुळवायला मात्र सांगा. गाडीचं नंतर पाहता येईल.